कधीच अडचण नसलेली सून

लग्न होऊन नांदेडहून लातूरला आले, तो पहिला उन्हाळा मी दुसऱ्यांच्या गच्च्यांवर काढला. आमच्या गल्लीत चैत्र लागला की वाळवणं सुरू होतात. आज हिच्याकडे कुरडया, उद्या तिच्याकडे उडदाचे पापड, परवा शेवया. बायका दिवस ठरवतात, गहू भिजत घालतात, आणि नेमकी चीक शिजवायच्या सकाळी घरातली एखादी बाजूला बसते. पाळीतल्या बाईने वाळवणाला हात लावायचा नाही. नुसती सावली पडली तरी पापड तळताना लाल होतात, असं आमच्याकडे मानतात. मग ऐन वेळी दुसरी बाई शोधायची धावपळ. त्या उन्हाळ्यात ही धावपळ झाली नाही, कारण गल्लीला मी सापडले होते.

मी कायम मोकळी असायचे. कधीही हाक मारा, मला अडचण नाही. त्यात अंगाने दणकट, त्यामुळे सोऱ्या दाबायला बसले की उठायचं नाव नाही. एका घरच्या कुरडया संपल्या की तिथूनच दुसऱ्या घरचं बोलावणं पक्कं व्हायचं.

आत्याबाईंना याचा केवढा अभिमान! आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे जुनं नातं असो नसो, सासूला आत्याबाईच म्हणतात. दारात कुणी बोलवायला आलं की त्या मला विचारायच्याही नाहीत. "न्या की बाई. माझ्या सुनंला कधी अडचणच नसती," म्हणायच्या, आणि तेही अशा थाटात, की जणू मी जिल्ह्यात पहिली आले आहे. एकदा पापडाच्या लाट्या करता करता त्यांनी चारचौघींत जाहीरच केलं, "आमच्या महालक्ष्म्यांनी पारखून दिलेली हाय ही. सणावाराला घरात एक तरी बाई मोकळी पायजे का न्हाई?" बायकांनी माना डोलावल्या. मी लाजून हसले. त्यात लाजण्यासारखं काय होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

आता यातली खरी गंमत सांगते. मी जीवशास्त्र शिकवते. लातुरात शिकवणी वर्गांना तोटा नाही. त्यातल्याच एका वर्गात मी बारावीच्या मुलामुलींना मानवी प्रजनन शिकवत होते. फळ्यावर बीजांडकोष काढायचे. कुठलं संप्रेरक कधी चढतं आणि कधी उतरतं, त्याचा आलेख रंगीत खडूंनी काढायचे. मुली मान खाली घालून तो उतरवून घ्यायच्या, मुलं उगाच खोकायची. आणि हे सगळं शिकवून घरी आले की महिनोन् महिने पाळी नसण्याला देवीची कृपा समजून मी लोकांच्या कुरडया घालायला जायचे. इतकं शिकूनही माणूस इतकं येडं राहू शकतं.

या येडेपणाची सुरुवात फार आधीची, नांदेडची. नववीत मला पाळी आली. दोन-तीनदा ठीक आली आणि मग जी रुसली ती वर्षातून कधीतरी तोंड दाखवायची. आईने शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईला विचारलं. "लग्न झालं की होतंय सगळं सुरळीत," ती म्हणाली, आणि आई निर्धास्त झाली. मी तर खूशच होते. कॉलेजची सहल विष्णुपुरीच्या धरणावर गेली तेव्हा दोन मैत्रिणी पोट धरून बसमध्येच बसून राहिल्या आणि मी पाण्याच्या कडेने हुंदडत होते. मला त्यांची कीव आली होती. आपण यातून सुटलो, असं वाटलं होतं.

शरीर मात्र दुसऱ्या वाटांनी सांगत होतं. माझी मान मागून काळी पडली. आई दर रविवारी बेसन आणि लिंबू लावून अशी घासायची की डोळ्यांत पाणी यायचं. "नीट अंघोळ करत न्हाईस, मळ साचून राहिलाय नुस्ता," असं वर ऐकवायची. घासून घासून कातडं लाल व्हायचं, काळेपणा तसाच. हनुवटीखाली ताठ काळे केस यायला लागले. ते मी न्हाणीघरातल्या फुटक्या आरशात बघून चिमट्याने उपटायचे आणि चिमटा कुणाला सापडू नये म्हणून साबणाच्या डबीत ठेवायचे. खाणं कमी केलं तरी वजन वाढायचं. वडील अर्धापूरच्या त्यांच्या मित्राकडून केळीचा घड आणायचे आणि म्हणायचे, "खाऊ दे गं तिला, वाढतं अंग हाय." तेव्हा मी वाढत होते ती फक्त आडवी.

मान, केस, वजन आणि पाळी या सगळ्याला आतून एकच दोरी आहे, हे आमच्या घरात कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

लग्नानंतर लागोपाठ दोन महिने मी बाजूला बसले नाही, तेव्हा आत्याबाईंनी काही न बोलता माझ्या ताटात खारीक-खोबरं वाढायला सुरुवात केली. माझा नवरा डाळमिलमध्ये कामाला आहे, मुळात कमी बोलणारा. तोही संध्याकाळी येताना फळं आणायला लागला. मेडिकलमधून आणलेल्या पट्टीवर एकच रेघ आली, तेव्हा खारीक बंद झाली. पुन्हा काही महिन्यांनी तेच झालं. तिसऱ्यांदा मात्र आत्याबाईंनी खारीक काढली नाही. हिचं असंच असतं, ही कायम मोकळी असते, हे त्यांनी आनंदाने स्वीकारलं. मला त्यांच्या आनंदाचं तेव्हा बरंच वाटलं. सासरी कुठल्याही कारणाने का होईना, कौतुक होत असेल तर कोण नाही म्हणतं?

मग एक दिवस वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, बीज पिकलंच न्हाई तर?"

"तर ते बाहेर पडत नाही," मी सांगितलं.

"मंग पाळी?"

"वेळेवर येत नाही. लांबते. कधी महिनोन् महिने येत नाही."

उत्तर अगदी पाठ होतं, सरळ तोंडातून आलं. आणि आल्यावर मीच ते ऐकलं. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, आधीच काढलेल्या आकृतीला पुन्हा गिरवत बसले. मुलांना वाटलं, मॅडम आकृती सुधारून राहिल्यात. त्या तासाला पुढे मी काय शिकवलं, ते मला आठवत नाही.

त्याच आठवड्यात मी एका डॉक्टरबाईंकडे गेले. तांब्या तांब्या पाणी पिऊन, पाय आवळून बसल्यावर सोनोग्राफी झाली. पडद्यावर बारीक काळे ठिपके होते, बीजांडकोषाच्या कडेने एका रांगेत. डॉक्टरबाईंनी सांगायच्या आधीच मला ते ओळखू आले. "लोक याला गाठी म्हणतात आणि घाबरतात," त्या म्हणाल्या. "या गाठी नाहीत. अर्धवट पिकून थांबलेली बीजं आहेत." मग एकेक करून त्यांनी सांगितलं. शरीर साखर नीट वापरत नाही, म्हणून मान काळी. पुरुषी संप्रेरक थोडं जास्त, म्हणून हनुवटीवरचे केस. पाळी न येणं ही सुटी नाही, आतलं अस्तर साचत राहतं आणि ते पुढे महागात पडतं. "हे मुळापासून जात नाही," त्या शेवटी म्हणाल्या, "पण सांभाळता येतं. सांभाळलं तर तुम्ही छान राहाल. मूलही होईल, बहुतेकींना होतं."

रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. आजार आहे हे ऐकून नाही आलं. मला आठवली ती आईने घासलेली मान. मळ नव्हताच तो. आईचा राग आला, आणि तो राग येतायेताच विरला, कारण तिला तरी कोण सांगणार होतं? ती बिचारी दर रविवारी स्वतःचे हात दुखेपर्यंत माझा आजार बेसनाने घासत होती.

आत्याबाईंना सांगायचं कसं, हा खरा प्रश्न होता. त्या ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसून एक जुडी पुढ्यात ओढली आणि सगळं सांगून टाकलं. ठिपके, साखर, गोळ्या, सगळं. त्यांचे हात थांबले नाहीत. निवडता निवडताच त्यांनी विचारलं, "म्हंजी ती देवीची कृपा न्हवती म्हण."

"नाही, आत्याबाई. आजार होता."

"आन् म्या गावभर सांगत फिरले."

त्यांनी मेथीची काडी मोडली, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "हनुवटीवरचे केसं बी त्याच्यातलेच का?"

मला धरणी दुभंगावी असं झालं. तो चिमटा मी माहेरापासून लपवत आणला होता. "तुम्ही बघितले होते?"

"बघायला आल्ते तवाच बघितले व्हते की. उपटून आल्तीस, पर दोन राहिले व्हते." त्या पुन्हा मेथीकडे वळल्या. "पोरगी हसती चांगली, म्हून आणली."

त्या माझ्याशी कधीच गोडगोड बोललेल्या नाहीत. पण एवढं एक वाक्य मला आयुष्यभर पुरेल.

मग सांभाळणं सुरू झालं. साखरेच्या आजारात देतात ती गोळी मला सुरू झाली आणि पहिले काही आठवडे माझं पोट इतकं बिघडलं, की वर्गात शिकवताना एक डोळा दाराकडे असायचा. पाळी आणण्यासाठी दुसऱ्या गोळ्या. सकाळचं चालणं. त्याला सोबत मिळाली समोरच्या भाभींची. त्यांचं गाद्या भरायचं दुकान आहे आणि त्यांना स्वतःला साखरेचा आजार आहे. पहाटेची नमाज झाली की त्या दाराची कडी वाजवायच्या. "चल गे, आज आळस नक्को," म्हणत बुरख्याखाली पांढरे बूट घालून अशा तरातरा निघायच्या, की मला मागून पळावं लागायचं. मी दमले की म्हणायच्या, "तेरेकू तो दवा बी हाय, जवानी बी हाय. मग रडती कायकू?" त्यांच्यापुढे रडायची सोय नव्हती.

स्वयंपाकघरात आत्याबाईंनी सूत्रं हाती घेतली. पोळ्या कमी झाल्या, ज्वारीची भाकरी दोन्ही वेळेला आली. उपासाचा साबुदाणा गेला, भगर आली, तीही मोजकीच. मटकीला मोड यायला लागले. माझ्या चहातली साखर त्यांनी एक दिवस न सांगता बंद केली. मी तोंड वाकडं केलं, तर म्हणाल्या, "भाभीनं सांगितलंय मला." दोघींनी मिळून माझ्याविरुद्ध कट केला होता, हे मला तेव्हा कळलं. नांदेडहून वडील केळी घेऊन आले, तेव्हा आत्याबाईंनी घड स्वतःच गल्लीत वाटून टाकला आणि व्याह्यांना चहा दिला, तोही बिनसाखरेचा.

गोळ्यांनी पाळी येऊ लागली. ठरल्या वेळी, मुकाट्याने. आणि त्या घरात मी पहिल्यांदाच नेमाने बाजूला बसू लागले. खरं सांगायचं तर मला हे बाजूला बसणं मुळीच पटत नाही. विटाळ म्हणजे काय, हे मला फळ्यावर काढून दाखवता येईल. मी एकदा आत्याबाईंशी त्यावरून भांडलेही. त्या म्हणाल्या, "तुझं शास्त्र तुझ्यापाशी. माझ्या देवाला माझं कळतंय." घर त्यांचं, देव त्यांचे. मी धुसफुसत मागच्या खोलीत बसून पेपर तपासायचे.

पण त्या दिवसांत घराचे हाल व्हायचे. आत्याबाईंचा उजवा खांदा आखडलेला होता, हात कानापर्यंतही वर जायचा नाही. मी बाजूला असले की डब्यातलं पीठ काढण्यापासून कणीक तिंबण्यापर्यंत सगळं त्यांच्या त्या एका हातावर. गल्लीतल्या बायका आता मला हाक मारताना आधी विचारायला लागल्या, "मोकळी हाय का?" आत्याबाई पूर्वीसारखं काही म्हणायच्या नाहीत. "इचारा तिलाच," एवढंच. त्यांचा अभिमान गेला, हे मला दिसत होतं आणि माझ्या बरं होण्यात तो गेला, याचं वाईट वाटत होतं.

श्रावणाच्या आधी डॉक्टरबाईंनी पाळीच्या गोळ्या थांबवल्या. वजन उतरलं होतं, रक्ताच्या तपासण्या सुधारल्या होत्या. "आता वाट बघू," त्या म्हणाल्या. "आपली आपण येते का, ते बघायचंय. आली तर समजायचं, शरीर कामाला लागलं."

माझं सगळं त्या एका वाक्यावर लटकून राहिलं. गोळीने आलेली पाळी म्हणजे हात धरून चालवलेलं लेकरू. माझ्या शरीराला स्वतःच्या पायाने चालता येतं का, हे मला बघायचं होतं. श्रावण गेला. काही नाही. रोज सकाळी चालून आले की भाभी भुवया उंचावून बघायच्या, मी मान हलवायचे. पुन्हा पूर्वीसारखीच मोकळी झाले होते आणि आता ते मोकळेपण मला खात होतं.

भाद्रपद लागला. आमच्या घरी महालक्ष्म्या उभ्या असतात. आदल्या दिवशी त्यांना वाजतगाजत घरात आणायचं, दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं जेवण, सोळा भाज्या, आंबील, फुलोरा, आणि सवाष्णींची पंगत. तो सगळा स्वयंपाक सोवळ्यात होतो. आत्याबाईंच्या सासूपासून त्यात एका वर्षाचा खंड नाही. घरात करणाऱ्या बायका दोन, आणि त्यातल्या एकीचा खांदा निकामी.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या तेव्हा आत्याबाईंनी माझ्या हातात गोळ्यांचं एक पाकीट ठेवलं. पाळी लांबवायच्या गोळ्या. आमच्या गल्लीत निम्म्या बायका सणाला त्या घेतात, मेडिकलवाला विचारतसुद्धा नाही.

"सगळ्याच घेतेत. जेवण होईपर्यंत घे, मंग सोडून दे," त्या म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. "आत्याबाई, जी पाळी येतच नाही, ती लांबवायची कशी?"

"आता औषध झालंय न तुझं. आली मंग?"

त्या भीतीने म्हणाल्या, "आली मंग?" आणि मी गेले कित्येक आठवडे हेच दोन शब्द मनात म्हणत होते, आशेने. मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ही गोळी घेतली तर नंतर येईल ती पाळी गोळीची असेल. तुमची स्वतःची येणार होती की नाही, ते कळायचं नाही. वाट बघणं पुन्हा पहिल्यापासून. ठरवायचं तुम्ही."

मी ते जसंच्या तसं आत्याबाईंना सांगितलं. आणि पाकीट त्यांना परत दिलं. "मी नाही घेणार."

"तुझी मर्जी," त्या म्हणाल्या. पाकीट कमरेला खोचलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. घरात फुलोऱ्याच्या करंज्या झाल्या, मुखवटे उजळले, साड्यांच्या निऱ्या लावल्या, आणि या सगळ्यात आम्ही दोघी फक्त "ते दे" आणि "हे घे" एवढंच बोललो. नवरा दोघींच्या मधून मांजराच्या पावलांनी वावरत होता.

जेवणाच्या दिवशी आम्ही पहाटे उठून डोक्यावरून न्हालो, धुवट साड्या नेसलो. भाज्या झाल्या. कटाची आमटी झाली. मी पुरण शिजवलं, वाटलं, वेलदोडा घातला. पाठ भरून आली होती, पण इतक्या स्वयंपाकात कुणाची पाठ भरून येत नाही? कणीक तिंबून ठेवली आणि ओटीपोटात एक ओळखीची कळ आली. ओळखीची म्हणजे नववीतल्या ओळखीची. मी न्हाणीघरात गेले.

आली होती.

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. कुणी गोळी दिली नव्हती, कुणी बोलावलं नव्हतं. इतक्या वर्षांनी माझ्या शरीराने स्वतःहून काहीतरी नीट केलं होतं. मला ओरडून कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. आणि सांगायचं होतं ज्यांना, त्या पलीकडे स्वयंपाकघरात एका हाताने सोळा भाज्यांची पातेली झाकत होत्या. बाहेर महालक्ष्म्या नटून जेवणाची वाट बघत उभ्या होत्या, आणि पुरणाची एकही पोळी झालेली नव्हती. मला इतका आनंद आणि इतकी भीती एकाच वेळी कधी वाटली नव्हती.

मी मागच्या दारात जाऊन उभी राहिले, उंबऱ्याच्या बाहेर. "आत्याबाई," मी हाक मारली. त्यांनी वळून माझं तोंड बघितलं आणि त्यांच्या हातातली पळी तिथेच थांबली.

"कवा कळलं?"

"आत्ताच."

"पुरण वाटताना न्हवतं न?"

"नव्हतं."

"कणीक मळताना?"

"नाही. आत्ताच, खरंच."

त्यांनी पुरणाच्या पातेल्याकडे बघितलं, कणकेच्या परातीकडे बघितलं. "मंग पुरण चांगलं हाय. कणीक बी चांगली हाय," त्यांनी ठरवून टाकलं, आणि लेकाला हाक मारली, "न्हाऊन ये रे, धोतर नेस. पोळ्या लाटायच्यात तुला." आयुष्यात कधी लाटणं न धरलेला माझा नवरा आला, आली का असं डोळ्यांनीच विचारलं, मी मान डोलावली, आणि त्याचा चेहरा असा उजळला की आत्याबाई त्याच्यावरच ओरडल्या, "हसून काय राहिला, जा की!"

तो गेला. आता त्या आणि मी. मला वाटलं, आता त्या गोळ्यांचं काढतील.

"गोळी घेतली न्हवतीस न कुठली? पाळीची बी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आपली आपण आली?"

"हाव, आत्याबाई."

त्या पळी ठेवून उंबऱ्यापर्यंत आल्या. अंगावर सोवळ्याची धुवट साडी, कपाळावर घाम. मी मागे सरकले. "शिवू नका," मी म्हणाले. विटाळावरून भांडणारी मी, आणि त्या क्षणी माझ्याच तोंडून ते आलं. "स्वयंपाक राहिलाय अजून, आत्याबाई, शिवाल."

त्यांनी उंबरा ओलांडला. उजवा हात वर जात नव्हता, म्हणून डाव्या हाताने माझी मान धरून मला खाली वाकवलं, माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांच्या साडीला वेलदोड्याचा वास येत होता. मी लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले आणि त्यांनी मला रडू दिलं.

मग त्यांनी मला दूर केलं, माझ्या पदरानेच माझं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "जा, पड जरा मागच्या खोलीत. मला आता परत न्हावं लागंल."

त्या खरंच पुन्हा डोक्यावरून न्हाल्या. त्या आठवड्यात नळाला पाणी आलेलं नव्हतं. सणासाठी भरून ठेवलेल्या पिंपातलं गार पाणी त्यांनी तांब्याने अंगावर घेतलं, ते मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. दुसरी धुवट साडी नेसल्या आणि पोळ्या भाजायला बसल्या. नवरा लाटत होता. त्याच्या पोळ्या कशा होत असतील, ते आत्याबाईंच्या ओरडण्यावरून कळत होतं.

दुपार कलली तेव्हा कुठे नैवेद्य दाखवला गेला. पंगत बसली. सवाष्णी केव्हापासून ताटकळल्या होत्या. त्यातल्या एकीला राहवलं नाही. "लई येळ झाला वं आत्या आज," ती म्हणाली, "काय झालं?"

मागच्या खोलीतून मला कुणी दिसत नव्हतं, नुसते आवाज येत होते. अशा वेळी आमच्या गल्लीत सासवांचं एकच उत्तर ठरलेलं असतं, सुनंला बरं न्हाई. मी कान देऊन पडून राहिले.

"सुनंला बरं वाटून राहिलं आज," आत्याबाई म्हणाल्या. "म्हून येळ झाला."